पुराचे पाणी ओसरल्यावर हॉबी शॉप उघडण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुसळधार पाऊस आणि खाडीची मोठी भरती एकाच वेळी आली की ठाण्यात वंदना टॉकीजच्या आसपास आणि नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या सखल भागात पाणी तुंबते. भरतीच्या वेळी धारण तलावांची झडपे बंद होतात आणि पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. तळमजल्याच्या गाळ्यांत पाणी शिरल्यावर काय करायचे, हे किराणा आणि कापडाच्या दुकानदारांना आता पाठ झाले आहे. हॉबी शॉपचे तसे नाही. तीनशे चौरस फुटांत विमानांचे किट, बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, ड्रोनचे सुटे भाग, आर्डुइनो हे प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड, मॉडेल रेल्वे, रंग, गोंद, मोटारी आणि बॅटऱ्या असा हजारो नगांचा माल असतो आणि प्रत्येकाचे पाण्याशी वैर वेगळे असते. अशा दुकानात पूर ओसरल्यावर दोनपैकी एक गोष्ट हमखास घडते. मालक हताश होऊन सगळे टाकून देतो, नाहीतर सगळे पंख्याखाली सुकवून गणपतीच्या आधी शटर वर करतो. पहिल्यात वाचण्याजोगा माल कचऱ्यात जातो. दुसऱ्यात पेट घेऊ शकणारी बॅटरी एखाद्या शाळकरी मुलाच्या दप्तरात जाते. हॉबी साहित्याची विक्री आणि दुरुस्ती करणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे असे की, मालाची विभागणी किमतीवरून किंवा रॅकवरून करू नये. पाण्याने त्या वस्तूचे नेमके काय होते, यावरून करावी.

गाळ्यात शिरतानाच गमबूट आणि रबरी हातमोजे हवेत. हे पाणी नाल्याचे असते आणि पायाला बारीकशी जखम असली तरी लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. पाण्यात वावरल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मीटरच्या पेटीपर्यंत पाणी पोचले असेल तर तिला हात लावू नये. ते काम वीज कंपनीचे आहे, म्हणजे ठाणे शहरात महावितरणचे आणि कळवा-मुंब्र्यात टोरंटचे. बुडालेले एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारे स्विच) आणि आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारे स्विच) वाळवून पुन्हा वापरू नयेत. आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबल्यावर तो खटकन पडला म्हणजे तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडेलच असे नाही, कारण आतल्या यंत्रणेत गाळ बसलेला असतो. सगळी उपकरणे काढून वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांचे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजून घ्यावे. १ मेगाओमच्या खाली वाचन आले तर पाइपात पाणी आहे, असे समजून जुन्या तारा ओढून काढाव्यात आणि नव्या घालाव्यात. न्यूट्रलची चाचणी अनेकजण टाळतात आणि मग नवा आरसीसीबी सारखा का पडतो, हे कळत नाही.

काहीही हलवण्याआधी फोटो काढावेत. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून एक, मग प्रत्येक रॅकचा एक, मग प्रत्येक खोक्याचा. विमा कंपनीला लगेच कळवावे आणि सरकारी मदत जाहीर होण्याची शक्यता असेल तर महसूल खात्याच्या पंचनाम्यासाठीही नाव नोंदवावे. सुट्या मालाची मोजणी हा आमच्या धंद्यातला मोठा कटकटीचा भाग. स्क्रू, एलईडी, रेझिस्टर, बेअरिंग मोजत बसण्याऐवजी १०० नग मोजून त्यांचे वजन करावे, मग सगळ्यांचे वजन करून भागाकार करावा आणि काट्यावरच्या आकड्याचाही फोटो ठेवावा. सर्व्हेअरला ही पद्धत पटते. नुकसान खरेदीच्या भावाने मांडायचे असते, एमआरपीने नाही. इथे अनेक दुकानदारांचे पैसे बुडतात ते जीएसटीमुळे. कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावे लागते. ती रक्कमही नुकसानीचाच भाग आहे, तेव्हा ती दाव्यात धरता येईल का, हे पॉलिसी पुढ्यात ठेवून आपल्या सीएला आधीच विचारावे. सर्व्हेअरचा होकार येईपर्यंत भिजलेला एकही नग विकू नये आणि भंगारातही देऊ नये.

याला अपवाद एकच, तो म्हणजे लिथियम बॅटऱ्यांचा. त्या फोटो काढून त्याच तासाला दुकानाबाहेर न्याव्यात.

लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचे पाकीट वरून बंद दिसते, पण तारा, बॅलन्सचे कनेक्टर आणि पत्र्याच्या टोकांजवळचे छोटे सर्किट हे सगळे उघडे असते. घाण पाण्यातून, विशेषतः खाडीच्या खाऱ्या पाण्यातून, सेलमधला करंट वाहू लागतो आणि टोके खाल्ली जातात. मग टोकाजवळच्या फटीतून पाणी आत शिरते. आतल्या इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराची पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते, पाकीट फुगते आणि पेट घेते. हे भिजल्यावर काही तासांनी होऊ शकते, तसे काही दिवसांनीही. मल्टिमीटरवर ३.८ व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगला, हा गैरसमज सर्वांत घातक आहे. व्होल्टेज आजची स्थिती सांगते, आत सुरू झालेली गंज सांगत नाही.

म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून प्रत्येक बॅटरी उपकरणातून सुटी करावी, कनेक्टरवर इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत किंवा मातीच्या कुंडीत ठेवावी. बादली उघड्यावर, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला, भिंत, दुचाकी आणि लाकडी सामानापासून किमान तीन मीटर लांब असावी. झाकण घट्ट लावू नये. फुगलेल्या बॅटऱ्यांची बादली वेगळी ठेवावी. चार्जरला लावून बघू नये आणि मिठाच्या पाण्यात बुडवून रिकामी करण्याचा उपायही करू नये. मिठाचे पाणी आधी टोके खाते, जोड तुटतो आणि आत चार्ज तसाच राहतो. बॅटरी मेली असे वाटते आणि ती मेलेली नसते. तयार ड्रोनचे संच, रिमोटच्या गाड्या आणि ट्रान्समीटर यांची खोकी मात्र नेहमी विसरली जातात. त्यांच्या आतही सेल असतो. प्रत्येक खोके उघडून पाहावे. धूर येऊ लागला तर धुरात उभे राहू नये, लांबूनच भरपूर पाणी मारून बाजूच्या वस्तू थंड ठेवाव्यात आणि १०१ ला फोन करावा. बटन सेल आणि ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या टोकांवरही टेप लावून त्या वेगळ्या ठेवाव्यात. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी मात्र मेकॅनिककडूनच हलवून घ्यावी.

आता वाचणाऱ्या मालाकडे. सर्वांत जास्त वाचतात ते प्लॅस्टिकचे किट, आणि नेमके तेच सर्वांत आधी फेकले जातात, कारण खोके लगदा झालेले असते. किट पॉलिस्टायरीनचे असते, त्याला पाण्याने काही होत नाही. कोमट पाण्यात, म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल इतक्या, भांड्याच्या लिक्विडचे थेंब टाकून मऊ ब्रशने स्प्रू, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात ती प्लॅस्टिकची चौकट, धुवावेत. गरम पाण्यात पंख आणि पातळ नळ्या वाकतात आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत. खाली पिठाची चाळणी धरावी, कारण १/७२ प्रमाणाच्या किटमधली सुटलेली चाके गटारात जातात. मग १० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे २०० मिलिलिटर हायपोक्लोराइट घालून १० मिनिटे बुडवावे आणि साध्या पाण्याने खळखळून धुवावे. हायपोक्लोराइटमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कोणतेही ॲसिड कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. गाड्यांच्या किटमध्ये बंपर आणि रिम यांची चकचकीत क्रोमची स्प्रू असते, ती या पाण्यात अजिबात घालू नये. क्रोमचा मुलामा काही मिनिटांत उतरतो आणि खाली नुसते प्लॅस्टिक उरते. काचेसारखे पारदर्शक भाग वेगळ्या भांड्यात, ब्रश न लावता धुवावेत. पितळेचे नक्षीदार पत्रे लगेच टिपून कोरडे करावेत.

डेकल, म्हणजे किटवर चिकटवायची खुणांची चित्रे, मात्र गेल्यातच जमा. पाण्यात सुटावीत म्हणूनच ती बनवलेली असतात आणि एकदा भिजली की डिंक जातो, फिल्म एकमेकांना चिकटते. डेकलचा कागद सीलबंद पॉलिथिनमध्ये असेल तर तो आधी उजेडात धरून पाहावा. माहितीपत्रक बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते, ते छापून घ्यावे. किट झिपच्या पिशवीत भरून झाकणाच्या चित्राचा फोटो सोबत लावावा आणि पिशवीवर तसेच बिलावरही स्पष्ट लिहावे: पुरात भिजलेले, धुतलेले, डेकल नाही. आमच्या मते अशा किटची किंमत खरेदीच्या भावापुढे नेऊ नये. नियमित गिऱ्हाईक डेकलशिवायचे किट आनंदाने घेते, कारण अनेकजण रंग आणि खुणा स्वतःच करतात. त्याला न सांगता विकले तर मात्र ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

बाल्सा पाणी झटकन शोषतो आणि असमान वाळला की पिळवटतो. चिखल हलक्या हाताने धुवून ७५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या सपाट फळीवर रचाव्यात, दोन थरांत दर १५ सेंटिमीटरवर सारख्या जाडीच्या पट्ट्या द्याव्यात आणि वर वजन ठेवावे. उन्हात ठेवू नये. काळे डाग पडलेल्या, कुबट वास येणाऱ्या पट्ट्या काढून टाकाव्यात. वाळलेला बाल्सा विमानाच्या स्पारसाठी (पंखाच्या आतल्या आडव्या कण्यासाठी) विकू नये. त्याची ताकद कुठे कमी झाली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. शाळेच्या प्रकल्पांना, घरांच्या प्रतिकृतींना तो चालतो. पापुद्रे सुटलेला विमानाचा प्लाय पूर्ण बाद.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पहिला नियम: चिखल वाळू देऊ नये. वाळलेला गाळ आयसीच्या (चिपच्या) पायांखालून निघत नाही. धुवायला वेळ लागणार असेल तर बोर्ड स्वच्छ पाण्याच्या टबात बुडवून ठेवलेला बरा, कारण हवा आणि क्षार एकत्र आले की तांबे हिरवे पडू लागते. आधी नळाचे पाणी आणि मऊ ब्रश, मग बॅटरीवाल्याकडे मिळते ते डिस्टिल्ड वॉटर, शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, त्यामुळे उघड्या हवेत आणि ठिणगीपासून दूर काम करावे. नंतर ५० अंशांवर २४ तास. यासाठी दुकानात विकायलाच ठेवलेला थ्रीडी प्रिंटिंगच्या फिलामेंटचा (प्लॅस्टिकच्या तारेचा) ड्रायर उत्तम चालतो. भिंगाखाली पांढरी किंवा हिरवी पूड दिसली तर पुन्हा धुवावे.

वीज देण्याआधी ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजावा. शॉर्ट नसेल तर करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायवर १०० मिलिअँपिअरची मर्यादा लावून बोर्ड सुरू करावा. आर्डुइनो उनो साधारण ५० मिलिअँपिअर घेतो. ८० च्या पुढे गेला तर कुठेतरी गळती आहे. त्यानंतर ब्लिंक हा एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम चालवून पाहावा आणि एकेक पिन तपासावी. एवढे करूनही बोर्ड नवा म्हणून विकू नये. भागांखाली राहिलेला क्षार हवेतली ओल शोषतो आणि चांगला चाललेला बोर्ड दोन महिन्यांनी विचित्र वागू लागतो. असे बोर्ड दुकानातल्या शिकवणी वर्गाला वापरावेत किंवा तपासलेला जुना माल म्हणून द्यावेत. ब्रेडबोर्ड, पुश बटन, पोटेन्शिओमीटर, बझर, माइक, डीएचटी ११ सारखे सेन्सर आणि सीलबंद नसलेले रिले धुण्याच्या भानगडीत पडू नये. आत गेलेला गाळ बाहेर येत नाही. ९ ग्रॅमचे सर्व्होही (ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटारी) तसेच, उघडून धुण्याचा वेळ त्यांच्या किमतीपेक्षा महाग पडतो. रेझिस्टर, एलईडी, सिरॅमिक कपॅसिटर, नळीतले आयसी टिकतात, फक्त काळ्या पडलेल्या पायांवर सोल्डर धरत नाही, ते बाजूला काढावेत.

ब्रशलेस मोटारीचे वेटोळे पाण्याने बिघडत नाही, बिघडते ते बेअरिंग. मोटार धुवून, अल्कोहोल मारून, वाळवून बेअरिंग बदलावे आणि चुंबकांवरचा निकेलचा थर उडालाय का, ते पाहावे. उडाला असेल तर चुंबक आतून गंजून फुगतो आणि मोटार घासू लागते. मॉडेल रेल्वेचे निकेल-सिल्व्हरचे रूळ अल्कोहोलने पुसून चालतात, पोलादी रूळ गंजले की सोडून द्यावेत. इंजिन उघडून सगळे जुने ग्रीस काढावे लागते, कारण त्यात वाळूचे कण बसतात आणि दातेरी चाके झिजतात. इनॅमल रंगाचे सीलबंद डबे पुसून झाकणावर रंगाचा ठिपका द्यावा, लेबल नसले तरी ओळखता येतो. तळाशी गंज धरलेले स्प्रे कॅन ठेवू नयेत. उघडलेला इन्स्टंट गोंद आणि प्लास्टरच्या गोण्या गेल्या. उघडलेले ग्लो फ्युएल (मॉडेलच्या छोट्या इंजिनांचे इंधन) हेही गेले, कारण मेथॅनॉल पाणी शोषते. ते नाल्यात ओतू नये, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. फिलामेंटचे व्हॅक्यूम पाकीट शाबूत असेल तर रीळ चांगले. चिखल लागलेले उघडे रीळ मात्र ०.४ मिलिमीटरचे नोझल बुजवते.

हे सगळे वाळवायचे कसे, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. परदेशी माहितीत दारे-खिडक्या उघडा, हवा खेळू द्या, असे सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात बाहेरच्या हवेची आर्द्रताच ८० ते ९० टक्के असते. शटर उघडे ठेवून पंखा लावला की आपण ओली हवा आत ओढतो, आणि एक-दोन दिवसांत बुरशीची लव दिसू लागते. वीज तपासून झाल्यावर गाळा बंद करावा, एसी ड्राय मोडवर किंवा भाड्याने आणलेला डीह्युमिडिफायर चालवावा, आतल्या आत पंखा फिरता ठेवावा आणि भिंतीवर साधा हायग्रोमीटर लावावा. काटा ५५ टक्क्यांच्या खाली आला की माल पेट्यांत भरावा, त्याआधी नाही. पेटीत सिलिका जेल ठेवावे. निळा रंग गेला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवून पुन्हा वापरता येते. भिंत वाळली का, हे पाहायला दीड फुटी पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवावे. आतून थेंब दिसले तर रंगारी बोलावू नये, पोपडे निघतीलच.

पुन्हा मांडणी करताना पार्टिकल बोर्डचे फर्निचर नको, स्लॉटेड अँगलचे रॅक हवेत. सर्वांत खालची फळी पाण्याच्या रेषेच्या एक फूट वर, स्विचबोर्ड जमिनीपासून चार फुटांवर. खाली ठेवायचेच असेल तर प्लॅस्टिकचे किट झाकणाच्या क्रेटमध्ये ठेवावेत. बॅटऱ्या पोटमाळ्यावर ठेवण्याची पद्धत सोडावी. तिथे आग लागली तर उतरायची वाटच बंद होते. कड्या असलेली लोखंडी पेटी दाराजवळ, कमरेच्या उंचीवर असावी, म्हणजे पाणी चढू लागताच एक माणूस ती उचलून बाहेर नेऊ शकतो. शटरपुढे वाळूच्या गोण्या लावल्या तरी पाणी मोरीतून आणि संडासातून वर येते, म्हणून तिथे आधी पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. शटरच्या दोन्ही बाजूंना चॅनेल लावून रबरी पट्टीची बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायची फळी सरकवता येते, पण तिचा हिशेब नीट करावा. अडीच मीटर रुंदीच्या फळीमागे ६० सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर तिच्यावर ४५० किलोंचा रेटा येतो. मध्ये खांब नसेल तर १८ मिलिमीटरचा प्लाय वाकतो आणि रबर सुटते. पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध होते. ती बिलाच्या टेबलावर लावावी आणि त्या दिवशी खालची फळी आदल्या रात्रीच रिकामी करावी.

शेवटी एक मागणी ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांकडे. पुरानंतर भिजलेल्या लिथियम बॅटऱ्या दुकानदारांकडे असतात, तशा घराघरांतही असतात. मोबाइल, पॉवर बँक, खेळणी, ई-स्कूटर. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या इतर कचऱ्यात टाकता येत नाहीत, आणि घंटागाडीतून दाबयंत्राच्या ट्रकमध्ये गेल्या तर चिरडून तिथेच पेटू शकतात. प्रत्येक प्रभाग समितीने पाणी ओसरल्यापासून निदान दोन आठवडे भिजलेल्या बॅटऱ्यांचे संकलन केंद्र चालवावे. त्यासाठी पत्र्याचे छप्पर असलेली मोकळी जागा, कोरड्या वाळूचे लोखंडी पिंप, टेप लावून घेणारा एक प्रशिक्षित कर्मचारी आणि अधिकृत पुनर्वापर कंपनीची ठरलेल्या दिवशी येणारी गाडी एवढेच लागते. केंद्राचा पत्ता आणि वेळ पावसाळा सुरू होण्याआधी घंटागाडीच्या ध्वनिक्षेपकावरून आणि आपल्या वृत्तपत्रातून जाहीर व्हावी, ही विनंती.

आपले,
हॉबी साहित्याचे काही विक्रेते व दुरुस्ती करणारे वाचक,
नौपाडा, ठाणे